एकशे बावन्नावा अंधार

१

मास्तर अंधारखोलीत सापडले तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. दुपारचा एक वाजला होता. चार तासांची चाचणी संपल्याची घंटा झाली, पुतणीने दारावर तीनदा टकटक केली, आणि आतून रोजचा "ये" आला नाही. तिने दार उघडून दिवा लावला. तिचे काका बुटक्या स्टुलाशेजारी कुशीवर पडले होते. तिवईवरचा कॅमेरा दाराकडे तोंड करून तसाच उभा होता, आणि वर छताजवळ हवा बाहेर टाकणारा पंखा निवांत फिरत होता.

हा फिरणारा पंखाच पुढे तिच्या मुळावर आला.

त्या कॅमेऱ्याच्या पोटात मास्तरांनी बनवलेला सेन्सर होता. सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी नखाएवढी चकती. हा इतका तल्लख, की नवजात बाळाच्या छातीचा एक्स-रे नेहमीच्या दहाव्या हिश्श्याच्या किरणांत निघावा. पण असा सेन्सर गरम झाला की स्वतःच बडबडायला लागतो, नसलेला उजेड दाखवतो. म्हणून त्याला द्रव नायट्रोजनने गार ठेवावं लागे, आणि मास्तर चारही तास त्या काळोखात बसून दर अर्ध्या तासाने अंदाजाने, हाताच्या सवयीने, तो द्रव ओतत.

या द्रवाची वाफ होते. तिला रंग नाही, वास नाही. पंखा बंद असेल तर ती खालून साचत जाते आणि खोलीतली हवा बाहेर ढकलते. माणूस गुदमरतही नाही. त्याला नुसती झोप येते.

डॉक्टरांनी तेच कारण लिहिलं. मग प्रश्न उरला पंख्याचा. तो चालू होता, तर मास्तर गेले कसे? सगळ्यांनी एकच उत्तर काढलं. पंखा लावणं पुतणीचं काम. ती सकाळी विसरली, नंतर आठवलं तेव्हा गुपचूप बटण दाबलं, आणि आता "नऊलाच लावला होता" म्हणतेय. चूक तर चूक, वर लपवाछपवी. सोमवारी चौकशी समिती बसायची होती.

माझा या सगळ्याशी संबंध कागदापुरता. मी मुद्रितशोधक. त्या छोट्या कारखान्याचे अहवाल छापायला जाण्याआधी जिन्याखालच्या खोलीत बसून मी चुका काढतो. माणसांच्या चुका काढायची मला कधी हिंमत झाली नाही. म्हणून गुरुवारी पुतणी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली तेव्हा मला वाटलं, ती खोली चुकली.

"तात्या, मी पंखा लावला होता," ती म्हणाली. मग आवाज खाली गेला. "लावला होता ना मी?"

"मला कसं माहीत असणार, बाळ?"

"मलाही माहीत नाही. रोज लावते. तेच बटण, तेच बोट. त्या दिवशीचं बोट आठवतच नाही मला. तीन रात्री तेच आठवत बसलेय." तिने ओठ घट्ट मिटले. "मी काकांना मारलं असेल तर मला ते कळायला हवं. समितीला नव्हे. मला."

मी चष्मा पुसत बसलो. 

"आणि अजून एक," ती म्हणाली. "त्या दिवशीच्या फोटोंत कुणीतरी आहे."

२

चाचणीत कॅमेरा दर मिनिटाला एक फोटो काढी. एक फ्रेम. चार तासांच्या दोनशे चाळीस फ्रेम, आणि सगळ्या अंधाराच्या. बाकीचे लोक असल्या चाचणीला भिंगावर झाकण लावतात. मास्तरांना ते पटत नसे. "झाकणामागे कुणीही आंधळा असतो," ते म्हणत. "उघड्या डोळ्याने अंधार बघता आला पाहिजे."

आणि त्या अंधाराचा त्यांचा एक कायदा होता. चाचणी चालू असताना चुकून कुणी दार उघडलं तर मास्तर बोलत नसत. नुसता हात वर करत, चौकातल्या पोलिसासारखा. दार उघडणारा जीभ चावून दार लावून घेई. वीस वर्षांत तो हात सगळ्यांनी पाहिला होता. मी दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा आठवडाभर त्यांच्यासमोर गेलो नाही.

बाहेरच्या खोलीतल्या संगणकावर पुतणीने एकशे बावन्नावी फ्रेम उघडली आणि तिचा उजळपणा वाढवत नेला.

काळोखातून आधी एक फिकट उभा पट्टा वर आला. मग त्या पट्ट्यात एक काळी आकृती. माणसाएवढी. डोकं, खांदे, लोंबते हात. आणि कपाळावर, एका बाजूला, आखूड शिंग.

मी खुर्ची जरा मागे सरकवली.

"पुढची बघा." एकशे त्रेपन्न. तोच आकार, निम्मा फिका. चोपन्नमध्ये त्याहून निम्मा. सत्तावन्नपर्यंत तो विरून गेला, जसा कुणी चालत चालत अंधारात शिरावा.

"याच्या आधीच्या फ्रेममध्ये?"

"एक्कावन्नमध्ये काही नाही. कोरा अंधार. हा कुठून आला नाही, तात्या. एकदम होता, आणि मग गेला."

मागे बादली आपटली. झाडलोट करणाऱ्या मावशी आमच्या खांद्यावरून बघत होत्या. "मी नाही आता त्या खोलीत फडकं मारणार," त्या म्हणाल्या. "न्यायला आलेला दिसतोय. पगार कापा नाहीतर काही करा."

"मावशी, कुणाला सांगू नका," पुतणी म्हणाली.

"मी कशाला सांगते?" मावशी म्हणाल्या, आणि चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं.

३

अंधारखोलीच्या बाहेर एक बोळ. पंख्याचं बटण त्या बोळात, दाराशेजारी. त्या सकाळी वरच्या मजल्यावर पुतणीशिवाय तिघंच होती. मावशी साडेनऊला खालच्या मजल्यावर गेल्या, त्या थेट दीडला वर आल्या. राहिली दोघं.

मॅडम म्हणजे मास्तरांच्या भागीदार. त्यांच्या खोलीत शिरताना मी काय विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. त्यांनी वाचायचा चष्मा डोक्यावर ढकलला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही चौकशी करताय? तुम्ही?"

"चौकशी नाही. जरा... शंका."

"विचारा. चिठ्ठी उलटी धरलीय तुम्ही."

मी ती सुलट केली. त्या बोळातून कितीदा गेल्या? दोनदा, पाणी प्यायला. दार उघडलं? नाही. मास्तरांशी भांडण झालं होतं?

"झालं होतं. सगळ्यांना ऐकू गेलंय, तुम्हालाही. दवाखानेवाले महिनाभर थांबलेत, आणि हा म्हणतोय सेन्सर अजून तयार नाही. अजून विसरायला शिकला नाही म्हणे!" त्या थांबल्या. आवाज बदलला. "पोरीची चूक झाली. माणसं चुकतात. पण लपवायला नको होतं तिने. मला त्याचा राग आहे. तुमचं झालं का?"

माझं झालं होतं. बाहेर आलो तेव्हा त्यांच्या डोक्यावरचा चष्माच डोळ्यांपुढे होता. शिंगासारखा? मी स्वतःला बजावलं की आधी दुसऱ्याकडे जावं.

दुसरा भिंगवाला. कॅमेऱ्याची भिंगं घासणारा, मास्तरांचा वीस वर्षांचा जोडीदार. त्याची खोली अंधारखोलीला लागून. एका डोळ्याचं तपासायचं भिंग पट्ट्याने कपाळावर चढवून तो ते तासन्‌तास शोधत असे, आणि मास्तर म्हणत, "अरे, स्वतःच्या डोक्यात बघ, तिथे काहीतरी सापडेल एकदाचं." आज ते भिंग त्याच्या गळ्यात लोंबत होतं. दाढी वाढली होती.

"या पंडित. आज इकडे कुठे वाट वाकडी केलीत?"

मी त्या सकाळबद्दल विचारलं.

"मी जागेवरून उठलो नाही. मोठ्या भिंगाची वक्रता मोजत होतो. सकाळभर." त्याने भिंतीवर थाप मारली. "हा पंखा याच भिंतीत बसवलाय. माझ्या मानगुटीवर! भिंत थरथरते, टेबल थरथरतं, आणि मोजमापाचा शेवटचा आकडा नाचतो. मास्तरला शंभरदा सांगितलं, दुसरीकडे हलव."

"त्या दिवशीही नाचत होता?"

"रोजच्यासारखाच," तो म्हणाला. "का?"

"काही नाही." आणि मग, मला वाचायला काहीतरी हातात असलं की धीर येतो म्हणून, विचारलं, "तुमची मोजमापाची वही नेऊ का? अहवालाला लागेल."

"न्या की. आकडेच आहेत, कविता नाहीत."

४

छपाईची दोन पानं तंतोतंत सारखी आहेत का हे बघायची माझी एक जुनी रीत आहे. शब्द वाचत बसायचं नाही. एकावर एक ठेवायची आणि भराभर उलटायची. जिथे फरक असेल तिथे पान डोळा मारतं.

त्या संध्याकाळी मी पुतणीला म्हटलं, "या फ्रेम तशा उलटता येतील? एकामागून एक?"

"येतील. पण अंधारच आहेत सगळे."

अंधार पूर्ण काळा नव्हता. उजळपणा वाढवला की बारीक ठिपक्यांचा सडा दिसे, आणि फ्रेम बदलली की तो सगळा सडा हले. ती म्हणाली, हे असंच असतं. सेन्सरची ती कुजबुज आहे, ती कधीच पुन्हा तशीच उमटत नाही. एकशे अठ्ठेचाळीस, हलला. एकोणपन्नास, हलला. दीडशे, हलला.

एकशे एक्कावन्न.

काहीच हललं नाही.

"पुन्हा," मी म्हणालो.

दीडशे. एक्कावन्न. दीडशे. एक्कावन्न. एक ठिपका जागचा सरकला नाही. नाव वेगळं, वेळ वेगळी, अंधार तोच.

पुतणीचा हात कळफलकावर थांबला. "ही एक्कावन्नावी नाही. कुणीतरी दीडशेवीची नक्कल तिच्या जागी ठेवलीय."

"मग खऱ्या एक्कावन्नावीत काय होतं?"

तिने दोन्ही फ्रेम शेजारी शेजारी लावल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "उजेड. काका म्हणत होते ना, हा अजून विसरायला शिकला नाही. अंधारात बसलेल्या या सेन्सरवर एकदम उजेड पडला की पुढच्या चार-पाच फ्रेम त्याची छाया उरते. प्रत्येक फ्रेमला निम्मी होत जाते. तात्या, तो पट्टा म्हणजे उघडं दार आहे. बोळातला उजेड. आणि त्या उजेडात कुणीतरी माणूस उभा आहे."

भूत नव्हतं ते. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"अजून एक दाखवतो," मी म्हणालो. हे मला उलटताना आधीच दिसलं होतं, पण वाटलं, माझेच डोळे थकले असतील. "सुरुवातीच्या फ्रेममध्ये ठिपक्यांवर तिरप्या रेघा आहेत. अगदी पुसट. स्वस्त कागद उजेडात धरला की दिसतात तशा."

"त्या पंख्याच्या मोटरच्या. तिच्या विजेचा त्रास होतो सेन्सरला, काका नेहमी..." ती बोलता बोलता थांबली.

मग तीच उलटत गेली. पहिल्या फ्रेमपासून रेघा. पन्नास, रेघा. शंभर, रेघा. एकशे एकला रेघा गेल्या. एकशे एक ते दीडशे, नुसते ठिपके. एकशे बावन्नपासून पुन्हा रेघा, शेवटपर्यंत.

"नऊपासून चालू होता," ती म्हणाली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तिला ते कळत नव्हतं. "मी लावला होता. तात्या, मी लावला होता."

"दहा चाळीसला कुणीतरी बंद केला," मी म्हणालो. "साडेअकराला दार उघडलं, पुन्हा लावलं, आणि पंखा चालू केला."

"कुणी?"

मी तिच्याकडून एकशे बावन्नाव्या फ्रेमचा मोठा छाप काढून घेतला आणि भिंगवाल्याच्या वहीत घालून घरी गेलो.

५

रात्रभर तो कागद टेबलावर पालथा ठेवला होता. उजाडल्यावर खिडकीपाशी नेऊन पाहिला. शिंग एकच होतं, उजव्या डोळ्याच्या वर. डोक्यावर ढकललेला चष्मा समोरून असा दिसत नाही. मग नजर खाली गेली. छापाच्या खालच्या कडेला, पट्ट्याच्या उजेडात, आणखी एक काळा आकार होता. पडद्यावर तो आमच्या लक्षात आला नव्हता. मी माझं वाचायचं भिंग लावलं.

पाच बोटं होती.

नऊ वाजता मी भिंगवाल्याच्या दारात होतो. 

"काय पंडित, सापडल्या चुका वहीत?"

"नाही," मी म्हणालो. "हीच अडचण आहे."

तो हसायला गेला आणि थांबला.

"तुमचा शेवटचा आकडा रोज नाचतो. पानंच्या पानं. त्या दिवशी पावणेअकरा ते अकरा पंचवीस, नऊ नोंदी, नऊच्या नऊ अगदी सारख्या. वीस वर्षांत तुमचं टेबल एवढं स्थिर कधी नव्हतं. पंखा बंद असल्याशिवाय ते होत नाही, आणि तो बंद करून दुसऱ्या कुणाचं काही साधत नाही."

त्याने वहीकडे पाहिलं. मी छाप तिच्यावर ठेवला. त्याचा हात नकळत कपाळाकडे गेला. तिथे भिंग नव्हतं.

"ही फ्रेम मी काढून टाकली होती," तो हळूच म्हणाला.

"एक काढून टाकलीत. पुढच्या पाच राहिल्या."

"त्यात काय असणार? दार लागलं, उजेड गेला." तो खाली बसला. "माझा जन्म काचेत गेला, पंडित. उजेड काचेतून जातो आणि संपतो. काचेला आठवण नसते. त्याचा सेन्सर विसरत नाही, विसरत नाही म्हणून तो माझं डोकं खायचा. मी हो हो म्हणत भिंग घासायचो."

मी समोरचं स्टूल ओढून बसलो. 

"दहा मिनिटं," तो म्हणाला. "दहाच मिनिटं बंद ठेवणार होतो. पण आकडा असा दगडासारखा उभा राहिला! म्हटलं, अजून एक नोंद. अजून एक. मग घड्याळ पाहिलं. धावत जाऊन दार उघडलं."

"आणि?"

"त्याने हात वर केला." भिंगवाल्याने स्वतःचा हात वर केला आणि तो तसाच हवेत राहिला. "खाली बसला होता. स्टुलावर नव्हता, जमिनीवर. पण हात वर केला, नेहमीसारखा. आणि मी काय केलं? जे वीस वर्षं केलं तेच. दार लावलं. इतकं बरं वाटलं मला की तो ठीक आहे, चिडलाय म्हणजे ठीक आहे! पंखा लावला आणि शीळ घालत जागेवर आलो."

त्याने हात खाली घेतला.

"नंतर सगळे त्याला उचलून खाली नेत होते तेव्हा ती फ्रेम बदलली. घाबरलो होतो."

"आणि पोरीचं नाव पुढे आलं तेव्हा?"

"रोज सकाळी ठरवतो, आज सांगायचं." त्याने छापाच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं, अगदी अलगद, ओल्या काचेवर ठेवावं तसं. "पंडित, तुम्ही बारीक वाचता. तो दार लाव म्हणत होता ना? तसंच ना?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

"समितीला मीच सांगतो," तो म्हणाला. "पोरीला तुम्ही सांगा. मला नाही जमणार."

६

मी तिला जिन्याखालच्या खोलीत बसवून सगळं सांगितलं. फक्त बोटांचं सांगायला जीभ उचलली नाही. सोमवारी भिंगवाला समितीसमोर उभा राहिला. मॅडम त्याच्याकडे न बघता ऐकत होत्या. सगळं संपल्यावर त्या पुतणीपाशी आल्या, "मी चुकले" एवढंच म्हणाल्या, आणि चष्मा डोळ्यांवर ओढून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुतणी अंधारखोलीत होती. मी दारावर तीनदा टकटक केली.

"ये," आतून आलं. मग घाईघाईने, "या, तात्या. सवयीने गेलं तोंडातून."

दिवा लावलेला होता. ती त्या बुटक्या स्टुलावर बसली होती. "उद्यापासून पुन्हा चाचणी सुरू. त्याला विसरायला शिकवायचंय. पंख्याचं बटण आता आत घेतलंय, माझ्या हाताशी." तिने हात पुढे केला. "तो छाप द्या ना. समितीत लांबून पाहिला."

मी तो दिला. तिने तो मांडीवर पसरला. तिच्या डोळ्यांना कुठे बघायचं ते माहीत होतं, शेवटी ती मास्तरांचीच पुतणी. ती कडेपाशी थांबली.

"हात आहे हा. काकांचा."

"हो."

"म्हणजे..." ती हसायला लागली, आणि हसताहसताच रडायला. "दार लाव म्हणताहेत! बघा ना. जीव चाललाय आणि यांना चाचणीची पडलीय. असा माणूस असतो का कुठे?"

मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. मास्तरांचा तो हात मी दोनदा पाहिला होता, बोटं ताठ, पट्टीसारखी. या छापातली बोटं ताठ नव्हती. टोकाशी जरा आत वळलेली होती, कुणाला जवळ बोलावताना वळतात तशी. किंवा निम्मी विरलेली छाया तशी दिसत असेल. माझे डोळे म्हातारे आहेत, आणि ठिपक्यांत माणूस काहीही वाचतो.

"तात्या? मी बरोबर वाचलं ना?"

चूक दिसली की समासात खूण करायची, यातच माझं आयुष्य गेलं. शंका आली तरी निदान प्रश्नचिन्ह काढायचं. पेन्सिल वरच्या खिशात होती.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

तिने छाप नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. "थोडा वेळ बसता? मला अंधाराची सवय करायचीय. एकटीला आज नको वाटतंय."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. तिने आधी पंखा लावला, मोठ्याने "लावला" म्हणाली, मग दिवा मालवला आणि शेवटी दार ओढून घेतलं. उघड्या डोळ्यांपुढे दाराचा उजळ पट्टा काही वेळ तरंगत राहिला. तो विरेपर्यंत मी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते, चुकून वर जाऊ नयेत म्हणून.